भोपळ्याला पहिली सुरी

करडई वाळायला लागली की परभणीकडच्या हवेत एक कोरडा, जरासा बोचरा वास येतो. ज्याने तो कधी घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. परवा गच्चीवर ज्वारीच्या पापड्या उलटत होते, तेव्हा तो आला आणि माझा हात तसाच थांबला. कठड्यावरचा भोपळ्याचा वेल पार सुकलाय. भोपळे केव्हाच उतरवून जिन्याखाली ठेवलेत. त्यातला सगळ्यांत थोराड भोपळा मी बाजूला काढलाय, कारण देवळात हंगामाचा सण आलाय.

आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. सुगीच्या दिवसांत ज्याच्या शेतात, परड्यात, कुंडीत जे पिकलं असेल ते आणून वेदीपुढे ठेवायचं, आभार मानायचे, आणि उपासना संपली की बाहेर लिंबाखाली त्याचा लिलाव करायचा, असा हा सण. ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, गवारीच्या शेंगा, पाय बांधलेली कोंबडी, सगळं तिथे येतं. पाळक प्रार्थना करत असतात आणि कोंबडी मधेच आपलं मत देते. लहानपणी मला हा सण नाताळाहून जास्त आवडायचा. पुढे एका वर्षी तो मला परीक्षेसारखा वाटला. त्या सुगीबद्दलच लिहायचं आहे.

तेव्हा मी पाथरीजवळच्या एका गावात सरकारी दवाखान्यात नर्स होते. तिशी ओलांडलेली, आणि नवऱ्यापासून कोर्टातून मोकळी झालेली. नवऱ्याने जालन्यात दुसरा संसार मांडला होता. मांडला तो मांडला, वर सणासुदीला माझ्याकडे येऊन जेवून जायची त्याची तयारी होती. मी नाही म्हटलं. ख्रिस्ती बाईला सुटायचं तर त्या काळी कायदा असा जुनाट, की नवऱ्याने दुसरी केली एवढ्याने भागत नसे. त्याच्या जोडीला आणखी काहीतरी सिद्ध करा, मग वरच्या कोर्टाचा शिक्का येईपर्यंत थांबा. मी सिद्ध केलं आणि थांबलेही. लोक मला ‘सोडलेली’ म्हणत. दवाखान्यात कुणी तसं म्हटलं की मी शांतपणे सुधारून सांगे, सोडलेली नाही, सुटलेली. हातात सुई असताना माझ्याशी सहसा कुणी वाद घालत नसे.

दवाखान्याच्या मागे मला एक खोली मिळाली होती. वर पत्रा, पुढे हातभर अंगण. आई माझ्याकडे राहायला आली होती. तिने येताना आणलेली भोपळ्याची बी मी आषाढात दाराशी टोचली, आणि त्या वेलाने काही लाज ठेवली नाही. दिवाळीपर्यंत तो पत्र्यावर चढून शेजारच्या कौसल्याबाईंच्या घरावर पोचला होता. भोपळे तर असे लागले की पत्रा वाकेल अशी भीती वाटावी.

आणि इथे अडचण सुरू झाली. आख्खा भोपळा बाईने चिरायचा नसतो. आधी घरातल्या पुरुषाने सुरी लावायची, मग बाईने पुढचं करायचं. हे कुठे लिहिलंय ते मला अजून सापडलेलं नाही. बायबलात तर नाहीच, मी शोधलंय. माझ्या आजोबांनी धर्म बदलला, देव बदलला, पोरांची नावं बदलली, पण हा भोपळ्याचा नियम तेवढा काखोटीला मारून बरोबर आणला. माझ्या घरात पुरुष नव्हता. त्यामुळे भाजी करायची म्हटली की आई सुरी घेऊन दारात उभी राही आणि रस्त्याने कोण जातंय ते बघे. एकदा पोस्टमनने सुरी लावली, एकदा दूधवाल्याने. एकदा तर परगावचा कुणी पाहुणा, पत्ता विचारायला आलेला, त्याला आईने आधी भोपळा कापायला लावला आणि मग पत्ता सांगितला. तो बिचारा पुढे बराच वेळ मागे वळून बघत होता.

मी म्हणायची, “आई, मी सकाळी नाळ कापून आले. निम्म्या तालुक्याची लेकरं माझ्या हातानं मोकळी झाली. मला भोपळा न्हाई का कापता येणार?”

“नाळ येगळी, भोपळा येगळा,” आई म्हणायची. “घरात मानूस न्हाई ते जगाला ठावं हाय. त्येला अजून डिवचू नको.”

मला राग यायचा. भोपळ्याचा नाही, आईचाही नाही. आपल्या चुलीवर काय शिजायचं ते रस्त्याने जाणाऱ्या कुणाच्याही हातावर ठरावं, याचा यायचा. पण आईचं वय झालं होतं, आणि तिने माझ्यापायी नातेवाइकांचं पुष्कळ ऐकून घेतलं होतं. तिच्या देखत मी सुरी लावली नाही.

कौसल्याबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. त्यांचे वडील बाबासाहेबांच्या मागून बौद्ध झालेले, आणि बाई स्वतः नामांतराच्या सत्याग्रहात पोलिसांच्या गाडीत बसून आलेल्या. गावात शाळेच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नावासाठीच्या घोषणा गेरूने लिहिलेल्या असत. कुणी रात्रीतून त्यावर चुना फासला की दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा उमटत. बाईंच्या बोटांना सकाळी गेरू असे आणि त्या शांतपणे त्याच बोटांनी चहा ओतत. त्यांच्याही घरात पुरुष नव्हता, त्या विधवा होत्या. त्यांच्या छपरावर आलेला माझा भोपळा त्या सरळ विळीवर घेत. “आईला सांगू नको,” एवढंच म्हणत, आणि वाटीभर भाजी भिंतीवरून इकडे देत. आई ती आवडीने खाई.

आता एसटीबद्दल. कोर्टाची तारीख असली की मी पाथरीहून परभणीची गाडी धरायची. त्या गाडीवर बहुतेक वेळा शिमोन कंडक्टर असायचे. आमच्याच मंडळीतले, म्हणजे त्याच देवळाचे. बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही, त्याला काही वर्षं झाली होती. हे सेलूला एका खोलीत एकटे राहायचे. आवाज असा की देवगाव फाट्यावर उभे राहून ओरडले तर सेलूच्या माणसाने पिशवी उचलावी. त्यामुळे हंगामाच्या सणाचा लिलाव दरवर्षी तेच पुकारत. पुकारतानाही मधेच “पुढे सरका, पुढे सरका” म्हणत, आणि लोक खरंच सरकत.

गाडी परभणीत शिरली की ते एकेक थांबा मोठ्याने सांगायचे. पहिल्या तारखेला त्यांनी “कोर्ट, कोर्टवाले” म्हणून हाक दिली. मी उठले आणि अख्ख्या गाडीने माझ्याकडे पाहिलं. गाडीत आमच्या गावची माणसं होतीच. त्यानंतरच्या तारखांना मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी गाडीत असले की ते कोर्टाचं नाव घेत नसत. गाडी तिथे आली की गुपचूप दोरी ओढून घंटी देत आणि खिडकीबाहेर बघत बसत. कोर्टात जाणारे दुसरे प्रवासी पुढच्या थांब्यावर जाऊन ओरडत, “मास्तर, सांगायचं न्हाई का?” मास्तर म्हणत, “इसरलो.” त्या विसरण्यावर माझा जीव जडला, हे मी आता सरळ लिहून टाकते. माझ्या बाजूने त्या दिवसांत पुष्कळांनी तोंड उघडलं होतं. माझ्यासाठी तोंड मिटणारा हा एकटाच निघाला.

शिक्का आला आणि कोर्टाच्या फेऱ्या संपल्या. तरी महिन्याचा अहवाल द्यायला मला परभणीला जावं लागे. सुगी तोंडावर आली होती. पेडगावच्या शिवारात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडई उभी होती, पिवळी फुलं तांबूस पडून वाळत चाललेली. शिमोनराव तिकिटं फाडत माझ्यापाशी आले आणि तिथेच रेंगाळले.

“सिस्टर, हंगामाच्या सणाला काय देणार?”

“भोपळा. दुसरं काय पिकतंय माझ्याकडं?”

“मी त्येला बोली लावली तर चालंल का?”

“तुम्ही तर पुकारणार. पुकारणाऱ्यानं बोली लावायची नसते.”

“म्हनून तर विचारायलोय,” ते म्हणाले, आणि कान लाल करून पुढच्या सीटवरच्या म्हातारीला सुटे मागायला लागले. तिने आधीच दिले होते.

मला कळायला पेडगाव मागे पडावं लागलं. उतरताना मी दारात थांबले. जे सांगायचं ते सांगितलं. “लावायची तर सगळ्यांसमोर लावा. मागच्या दारानं मी आता कुठंच जाणार नाही.” त्यांनी मान हलवली. गाडी सुटायची घंटी द्यायचं मात्र विसरले, ते यावेळी खरोखर.

करडई पहाटे काढतात, ऊन चढायच्या आत. दवाने काटे जरा मऊ असतात. बाया हातापायांना जुनी लुगडी गुंडाळून कापणीला बसतात, तरी काटा जायचा तिथे जातोच. त्या दिवसांत दवाखान्यात दुसरं काम नसे. चिमटा आणि भिंग घेऊन मी ओसरीवर बसे आणि एकेकीची बोटं साफ करी. तिथेच योहानकाका आले. हे आमच्या मंडळीचे पंच, वयाने सगळ्यांत मोठे. त्यांचा शब्द खाली पडत नसे. तळहातात काटा मोडला होता.

“सुशी,” ते म्हणाले, “तुला रागानं न्हाई सांगायलो.”

“हात हलवू नका, काका.”

“कानावर आलंय माज्या. दुसरं लगीन कर, कोन नगं म्हनतंय. पन परभनीला जा, कचेरीत सही कर, घरी ये. मंडळीत पुकार नगं. ह्याच देवळात तुजी एकदा पुकार झालती. त्याच मानसांम्होरं परत उभं ऱ्हायचं म्हंजी बरं दिसत न्हाई.”

पुकार म्हणजे लग्नाआधी तीन रविवार पाळक उपासनेत दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, कुणाची हरकत आहे का. हरकत असेल त्याने उठून सांगायचं. माझ्या पहिल्या लग्नाच्या वेळी कुणी उठलं नव्हतं. उठायला हवं होतं, असं पुढे सगळेच म्हणाले.

“काका, शिमोनरावांची पण ह्याच देवळात एकदा पुकार झाली होती. त्यांना कुणी परभणीला जा म्हणालं का?”

“त्येची बायको मेली.”

“आणि माझा नवरा जिवंत हाय, जालन्यात खातोय-पितोय. त्यात माझी काय चूक?”

काटा निघाला होता. मी म्हटलं, “लग्न केलं तर ह्याच देवळात करीन, दिवसाउजेडी, वाजत. नाही तर करणार नाही. नाहीतरी माझं काही अडलेलं नाही. आता धनुर्वाताचं इंजेक्शन.” काका इंजेक्शनला फार भीत. ते उठलेच. मी धरून बसवलं आणि दिलं. कुणाला वाटेल मी त्यात राग काढला. नाही काढला, त्यांना ते लागतच होतं.

ही गोष्ट मी भिंतीवरून कौसल्याबाईंना सांगितली तेव्हा त्या हसत सुटल्या. “आमी सगळा धर्म बदलला, तुला नवरा बदलायचं कसलं भ्या? विद्यापीठाचं नामांतर व्हईल तवा व्हईल, तुजं तर होऊ दे.” मग एकदम गंभीर झाल्या. “पन सुशीला, गुपचूप नगं. चुना लावला तरी आपुन परत लिवतो का न्हाई? तसं.”

सणाच्या दिवशी मी भोपळा डोक्यावर घेऊन गेले. आईने तो तेलाचा हात फिरवून चकचकीत केला होता. वेदीपुढे ठेवायला वाकले तेव्हा बायकांच्या बाजूला कुजबूज झाली. ती भोपळ्याबद्दल नव्हती. उपासना झाली, सगळे लिंबाखाली आले. शिमोनरावांनी हातात देवळाची पितळी घंटा घेतली आणि लिलाव सुरू झाला. हरभरा गेला, लसूण गेली, कोंबडी सुटून पळाली ती पळता पळताच विकली गेली.

मग भोपळा. कुणीतरी बोली लावली, कुणी वाढवली. पाळकांच्या बायकोने शेवटची लावली. शिमोनराव म्हणाले, “एकवार.” लोक थांबले. “दोनवार.” आणि तिथे आवाज बंद पडला. देवगाव फाट्याचा तो आवाज, आणि तोंडातून शब्द निघेना. त्यांनी घंटा शेजारच्या स्टुलावर ठेवली, टोपी काढली, स्टुलाला वळसा घालून लोकांमध्ये येऊन उभे राहिले आणि बोली लावली.

पुकारणाऱ्याने बोली लावायची नसते, हे आमच्यातल्या शाळकरी मुलींनाही ठाऊक. म्हणजे त्यांनी पुकारणं सोडलं होतं. का सोडलं, तेही सगळ्यांना समजलं. पाळक योहानकाकांकडे बघायला लागले. काका म्हणाले, “असं कंदी झालं न्हाई. घंटा कोन घेनार? मी तर न्हाई घेनार.” पुरुषांपैकी कुणी पुढे आलं नाही. घंटा स्टुलावर, शिमोनराव गर्दीत टोपी चुरगाळत उभे, आणि भोपळा मधेच, ना विकलेला ना राहिलेला. तेव्हा मला आईची दारातली सुरी आठवली. पुन्हा आपण कुणीतरी पुरुष येण्याची वाट बघत उभ्या आहोत, असं वाटलं. आणि माझं डोकं फिरलं.

मी बायकांतून निघाले. स्टुलापाशी गेले, घंटा उचलली आणि म्हटलं, “तीनवार.” आणि दोनदा वाजवली. डबल बेल म्हणजे गाडी सोडा, हे एसटीने फिरणाऱ्या प्रत्येकाला कळतं. मागून कुणीतरी सवयीने म्हणालं, “चला, जाऊ द्या.” आणि सगळं लिंब हसायला लागलं. योहानकाका तेवढे हसले नाहीत.

पाळक म्हणाले, आता ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागतोय, त्यात लग्न लावत नाहीत, तुमचं ईस्टरनंतर. तोवर काकांनी हरकत घेणार असल्याचं गावभर सांगितलं होतं. पंचाने हरकत घेतली तर पाळकांचा नाइलाज होता. ते दिवस कठीण गेले. मी काम करत राहिले, झोप मात्र उडाली. भोपळा सेलूला शिमोनरावांच्या खोलीवर होता. गाडीत भेट झाली की चारचौघांत दुसरं काय बोलणार. मी विचारायची, “भोपळा बरा आहे का?” ते म्हणायचे, “बरा हाय. वाट बघायलाय.” कधी भोपळ्याला उकडतं म्हणून सांगायचे, कधी त्याला झोप लागत नाही म्हणून. गाडीतल्या लोकांना वाटत असेल, काय हे भोपळ्याचं वेड.

ईस्टर झाला. पहिल्या रविवारी नावं वाचली, काका खाली मान घालून बसले. दुसऱ्या रविवारी आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी आले, पुढच्या बाकावर बसले. पाळकांनी विचारलं आणि काका काठी टेकत उठले. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. काकांनी घसा साफ केला.

“मला इचारायचं एवढंच,” ते म्हणाले, “लगीन सकाळी हाय का संध्याकाळी? संध्याकाळी आसंल तर माजी हरकत हाय. जेवून घरी जायाला गाडी न्हाई मला.”

“सकाळी,” शिमोनराव पुरुषांच्या बाजूने ओरडले, अगदी फाट्यावरच्या आवाजात.

“मग न्हाई,” म्हणून काका बसले. पुढे मी त्यांना एकदा विचारलं की तुमचं मन कसं फिरलं. ते तळहात दाखवून म्हणाले, “त्यो काटा तू लय हळू काढलतास.” एवढंच. आणि पुढच्या इंजेक्शनला पुन्हा पळाले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सेलूच्या त्या खोलीत मी पहिल्यांदा स्टोव्ह पेटवला. घरात धान्य होतं, भाजी काहीच नव्हती. शिमोनरावांनी फळीवरून भोपळा खाली काढला, माझ्यापुढे ठेवला आणि त्याच्याशेजारी सुरी. मी थांबले. इतकं सगळं करून आलेली मी, सवयीने हात मांडीवर ठेवून त्यांची वाट बघत बसले.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही लावा ना आधी.”

त्यांनी सुरी उचलली, टॉवेलला पुसली आणि मुठीची बाजू माझ्याकडे केली. “वेल तुजा, भोपळा तुजा. मी काय म्हनून लावू?” माझ्याबरोबर सेलूला आलेली आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग पुन्हा ताटात मान घातली. मी सुरी घेतली आणि भोपळा उभा चिरला. आतून तो गच्च केशरी होता.

त्याला आता किती सुगी लोटल्या. कौसल्याबाईंनी लिहिलेल्या भिंतीवर आता दुकानाची पाटी आहे, आणि विद्यापीठाला ते नाव लागलं त्या दिवशी त्यांनी आमच्या घरी पेढे आणले होते, बोटं स्वच्छ धुऊन. आई गेली. यांचा आवाज बसलाय, लिलाव आता तरुण मुलं माईकवर पुकारतात. सणाचा भोपळा मी पुसून दारात ठेवला, आणि आजच्या भाजीसाठी दुसरा घेऊन खाली बसले. घरात पुरुष आहे, धडधाकट आहे, समोर पेपर वाचत बसलाय. पहिली सुरी मी लावली.